दर्या आणि दऱ्या : आपल्या अक्षरांची राखण कोण करतं?

गेल्या महिन्यात दिवाळे जेट्टीवर एका मामांनी मला थांबवलं. वय सत्तरीपुढे, हातात जुनी प्लास्टिकची फाइल. म्हणाले, "तू तवा पेपरान व्हतास ना? वाटेच्या सभेची बातमी तूच लिवलेली. ती मना काडून दे." त्यांचा विषय घराचा आणि वहिवाटीचा आहे, तपशील इथे नको. पण बातमी मीच लिहिली होती हे खरं. ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, छापील अंक रद्दीत गेले. माझ्याकडे मात्र सीडी होती. मोठ्या ऐटीत म्हणालो, मामा, उद्या देतो.

घरी येऊन सीडी लावली. फाइल उघडली. पण आत मराठीचा पत्ताच नाही! इंग्रजी अक्षरं, कंस, टक्का, डॉलरची खूण, मध्येच युरोपातली टिंबवाली अक्षरं. शीर्षकापासून शेवटपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं तर ते बघतच राहिले. "काय रं, तुजीच बातमी तुला वाचाला येत नाय?"

मंडळी, हा प्रश्न मला झोंबला. त्यामुळे आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

ज्यांनी 2000 च्या आसपास डीटीपीचं काम बघितलंय त्यांना आठवेल. तेव्हा मराठी सॉफ्टवेअर म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. पडद्यावर दिसायचं 'क', पण कॉम्प्युटरच्या पोटात साठायचं एखादं इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराला मराठी चेहरा चढवायचा. कोणत्या अक्षराला कोणता चेहरा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. म्हणजे एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली बातमी दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडली की गोंधळ. त्यात कॉम्प्युटरच्या मागे लावायचं ते छोटं कुलूप, डोंगल. डोंगल हरवलं की सॉफ्टवेअर बंद. आमच्या साप्ताहिकाचं डोंगल मालकाच्या ड्रॉवरमध्ये होतं. मालक गेले, ऑफिस गेलं, डोंगलही गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, तेव्हा सगळ्यांचा धंदाच तसा होता. डिप्लोमाला आम्हाला बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते शिकवलं, पण बातमी वीस वर्षं वाचता येईल अशी ठेवायची कशी, हे कोणीच शिकवलं नाही.

आता उलट बाजू बघा. ही पोस्ट तुम्ही कुठल्याही कंपनीच्या फोनवर वाचत असाल, अक्षरं नीट दिसतायत. डोंगल नाही, फॉन्ट विकत घ्यावा लागला नाही. हे आपोआप झालेलं नाही. ते कोणी केलं आणि आज ते कोण सांभाळतंय, ही गोष्ट आपल्या गावाच्या अगदी शेजारून सुरू होते.

खारघर स्टेशनसमोरची सी-डॅकची इमारत बघितली असेल. पत्त्यात आजही सीबीडी बेलापूर लिहितात. ती मूळची एनसीएसटीची, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीची. टीआयएफआरमधल्या कॉम्प्युटर गटातून 1985 साली ही संस्था निघाली, मुख्य ठाणं जुहूला. या संस्थेत आयआयटीतून निवृत्त झालेले एक सुलेखनकार आले : र. कृ. जोशी. जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेला, अक्षरावर जीव असलेला माणूस. विंडोज 2000 बरोबर जो 'मंगल' फॉन्ट आला तो त्यांचा. सरकारी ऑफिसातली निम्मी पत्रं ज्या अक्षरात निघतात, ते अक्षर. त्यांनीच एनसीएसटीत 'रघू' नावाचा देवनागरी फॉन्ट केला, तो फुकट उतरवून घेता यायचा. 2008 साली ते गेले.

त्याच संस्थेत 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प चालला. लिनक्स या मुक्त प्रणालीवर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून. लिनक्स म्हणजे ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. काम दर्जेदार होतं. पण 2003 च्या सुमारास एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि इंडिक्सचं नाव हळूहळू मागे पडलं. आज बेलापुरात दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसेल. मी स्वतः पत्रकार असून, रोज ट्रेनने त्या इमारतीसमोरून जात असून, मला हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

माझ्या मते इथे पहिली अडचण दिसते. सरकारी प्रकल्पाला सुरुवात असते, उद्घाटन असतं, अहवाल असतो. पण सॉफ्टवेअर होडीसारखं असतं. एकदा बांधलं म्हणजे झालं असं नाही. दरवर्षी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. दोन पावसाळे दुर्लक्ष करा, मग बघा. आणि हे खरवडणाऱ्याचा फोटो पेपरात येत नाही (मीही कधी छापलेला नाही).

दरम्यान मोठं काम वरच्या पातळीवर झालं होतं. भारत सरकारच्या इस्की या प्रमाणाच्या पायावर 1991 साली युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क' म्हणजे जगभर एकच क्रमांक, मुखवटा नाही. पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसत नाही. ते काढणारा फॉन्ट लागतो, आणि जोडाक्षर जुळवणारं एक इंजिन लागतं. शिवाय मराठीचे म्हणून काही हट्ट आहेत. 'ॲप'मधला ॲ हिंदीवाल्यांना नको असतो, आपल्याला रोज लागतो. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली, 5.1 आवृत्तीत. तोवर अ ला चंद्र चिकटवून भागवायचो.

दुसरा हट्ट या पोस्टच्या शीर्षकात आहे. दर्या आणि दऱ्या. आपल्या कोळीवाड्यात हा फरक कोणाला समजावून सांगायची गरज नाही. एक आपला, एक सह्याद्रीतल्या. उच्चारात आघाताचा फरक, लिहिताना एका रफाराचा फरक. पहिल्यात रफार वर चढतो, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा, य च्या आधी येतो. हिंदीत हा आडवा र लागतच नाही. त्यामुळे ज्या फॉन्ट बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर फक्त हिंदी आहे, तो हे विसरणार. जुन्या वेबसाइटवर 'दुस-या', 'किना-यावर' असं मध्ये रेघ मारून छापलेलं आठवतं? तो अडाणीपणा नव्हता. अक्षर उमटत नसल्यामुळे शोधलेली ती पळवाट होती. लाखो शब्द तसे छापले गेले आणि आजही कॉम्प्युटरला ते शोधता येत नाहीत.

हे दुरुस्त करण्यात ज्यांचा मोठा हात आहे, ते पुण्यात होते. रेड हॅट ही लिनक्सवर चालणारी अमेरिकन कंपनी, तिचं मोठं ऑफिस पुण्यात. तिने 2004 साली 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली सोडले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीवरून. फॉन्टच्या आत एक हक्काची ओळ असते, कोणीही उघडून वाचू शकतं. सुरुवातीच्या फॉन्टमध्ये ती ओळ होती : 2003, ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्स, पुणे. पुढे ती ओळ बदलली. 2011 नंतरच्या फॉन्टमध्ये लिहिलंय : लोहित फॉन्ट्स प्रोजेक्टचे काँट्रिब्युटर्स. म्हणजे हातभार लावणारे सगळे. मला वाटतं, या पोस्टमधला सगळा इतिहास या दोन ओळींमध्ये आहे. सातबाऱ्यावरचं एकट्याचं नाव जाऊन गावकीचं नाव लागलं.

2011 सालीच लोहितचा परवानाही बदलून फॉन्टसाठीच बनवलेला ओपन फॉन्ट लायसन्स झाला. त्याचा अर्थ सोपा : वापरा, बदला, तुमच्या वस्तूबरोबर वाटा, फक्त फॉन्ट एकटा विकू नका आणि पुढचं रूपही याच अटीवर ठेवा. आधी लोहित हिंदी, लोहित मराठी, लोहित कोकणी, लोहित नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट होते. एकात चूक सुधारली की बाकीच्यांत राहायची. ते सगळे एकत्र करून एक लोहित देवनागरी केला, आणि मराठी मजकूर असेल तर मराठी वळणाचे ल आणि श यावेत अशी सोय आतच ठेवली. (शासनाने मराठी लिपी कशी असावी याचा निर्णय 2009 मध्ये काढला, पण निर्णय कागदावर असतो. अक्षराला वळण कोणीतरी बसून द्यावं लागतं.) पुढे प्रवीण सातपुते आणि सहकाऱ्यांनी लोहितची आतली सगळी मांडणी नव्याने लिहून काढली. विकिपीडियाने भारतीय भाषांसाठी हेच फॉन्ट वापरले. ज्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्टच नव्हता, त्यांनाही मराठी विकिपीडिया वाचता आला.

मग 2019 मध्ये आयबीएमने रेड हॅट 34 अब्ज डॉलरला विकत घेतली. आपल्या इथे जमिनीचा मालक बदलला की गावाची वाट बंद होते, हे आपण बघितलंय. इथे तसं झालं नाही, होऊच शकत नव्हतं. एकदा मुक्त परवान्यावर दिलेलं अक्षर परत मागता येत नाही. माझ्या सीडीवरची बातमी आणि लोहितमधलं अक्षर यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

फॉन्टचं झालं. आता ते इंजिन. याचं नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं, त्यावरून. तुमच्या अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये क् आणि ष जोडून क्ष कसा करायचा, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी कशी न्यायची, दर्याचा रफार कुठे आणि दऱ्याचा कुठे, हे ठरवतं ते हार्फबझ. जुन्या अँड्रॉइडवर मराठी मेसेज आला की चौकोन दिसायचे, नाहीतर वेलांट्या भलतीकडे, आठवतं? तिथून आजपर्यंतचा प्रवास बराचसा या एका सॉफ्टवेअरचा आहे.

हे लिहिलं मुख्यतः बेहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनेडियन माणसाने. त्याला मराठी येत नाही. भारतीय लिप्यांचं काम बरोबर होतंय का हे तपासायला त्याने विकिपीडियांमधून गोळा केलेल्या शब्दांच्या याद्या वापरल्या आणि आपलं इंजिन मायक्रोसॉफ्टच्या इंजिनाशी शब्दाशब्दाला ताडून पाहिलं. म्हणजे गावोगावच्या ज्या हौशी लोकांनी रात्री जागून देवनागरीत लेख लिहिले, त्यांचे शब्द पुढे जगभरच्या फोनची परीक्षा घ्यायला उपयोगी पडले. त्यांना कोणी सांगितलंही नसेल.

2020 च्या जानेवारीत बेहदाद घरच्यांना भेटायला तेहरानला गेला असताना त्याला अटक झाली. काही दिवस कोठडीत ठेवलं, खबऱ्या हो म्हणून दबाव आणला. बाहेर आल्यावर त्याने त्याच वर्षी हे सगळं जाहीरपणे सांगितलं. विचार करा : कोट्यवधी फोनवर जोडाक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुख्य माणूस कोठडीत. तरी काम थांबलं नाही, कारण चाव्या एकट्याकडे नव्हत्या. इजिप्तचे खालेद होस्नी आणि आणखी काही जण बरोबर होते. आणि मूळ मजकूर सगळ्यांसमोर उघडा होता.

दरवेळी असं नशीब नसतं. 2014 साली ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं भगदाड सापडलं. बँका, दुकानं, मेल, सगळ्यांची कुलपं त्यावर चालायची. तेव्हा उघड झालं की त्याच्या संस्थेला वर्षाला देणगी मिळत होती साधारण 2,000 डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता जेमतेम एक.

2024 चा प्रसंग त्याहून वाईट. एक्सझेड म्हणून फाइली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर असतं. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा एक माणूस वर्षानुवर्षं ते हौसेने सांभाळत होता. थकलेला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. तिथे 'जिया तान' या नावाने कोणीतरी आलं. दोन वर्षं इमानेइतबारे मदत केली. मधल्या काळात भलत्याच नावांनी लोक कॉलिनच्या मागे लागले : काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. शेवटी त्याने दिले. गावकीच्या भांडारात एखादा परका दोन वर्षं जाळी शिवतो, भांडी मोजून देतो, आणि मग चावी हातात आल्यावर मागच्या भिंतीला चोरदार पाडतो, तसं झालं. फेब्रुवारी 2024 च्या आवृत्तीत चोरदार गेलं. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खणत गेला आणि पकडलं. अर्धा सेकंद! आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं.

काही जण म्हणतील, बघा, उघडं ठेवलं की चोर शिरतात, कंपनीचं बंद सॉफ्टवेअर बरं. मला हे पटत नाही. 2018 साली आयफोनवर एक तेलुगू जोडाक्षर आलं की ॲप बंद पडायचं. तेलुगू लोकांना स्वतःच्या भाषेचं अक्षर दुरुस्त करता येत नव्हतं, कंपनीने नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट बघावी लागली. एक्सझेडचा चोर सापडला तो सोर्स उघडा होता म्हणूनच. भोक उघडेपणामुळे पडलं नव्हतं. एकटा थकलेला माणूस आणि फुकट वापरणारे आपण सगळे, त्यामुळे पडलं होतं.

आता आपल्याकडे या. नवी मुंबई महापालिकेचं मुख्यालय आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर. कोकण भवन, सिडको भवन इथेच. या सगळ्या ऑफिसांतून मराठी नोटिसा निघतात, वेबसाइटवर मराठी झळकतं. त्यांची वेबसाइट आपण फोनवर उघडली की हार्फबझ लागतं, मुक्त फॉन्ट लागतात. वृत्तपत्रांचंही तेच. मुंबईच्या एक टाइपचा 'बलू' फॉन्ट कित्येक वाढदिवसांच्या बॅनरवर असतो, भाऊ-दादांना माहीतही नसेल की ते अक्षर फुकट आणि मुक्त आहे. वापरण्यात काही गैर नाही, वापरासाठीच दिलंय. पण गावकीत वर्गणी न देणाऱ्याला आपण काय म्हणतो?

वर्गणी पैशाचीच हवी असं नाही. जर्मन सरकारने 2022 पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला, कारण त्यांचा धंदा याच सॉफ्टवेअरवर उभा आहे असं ते उघड मान्य करतात. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा, यशोवेणू हे मुक्त फॉन्ट काढले, तेही चांगलं पाऊल. पण काढणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. भाषेसाठी जे पैसे आपण संमेलनाच्या मांडवावर घालतो, त्यातला एका मांडवाच्या झालरीएवढा जरी दरवर्षी अक्षरांच्या देखभालीला गेला तरी पुण्या-मुंबईतली दोन पोरं पूर्णवेळ हे काम करू शकतील. हे माझं मत आहे, भांडायला कमेंटमध्ये या.

आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी चूक दिसली की कळवायची. हेही आपण करत नाही. मी वीस वर्षं 'दुस-या' लिहीत आलो, शिव्या दिल्या, पण कोणाला कळवलं नाही. पहिली तक्रार कळवली ती गेल्या महिन्यात.

त्याचं असं झालं. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी काही साधी पानं हौशी लोकांनी करून ठेवली आहेत. हे अक्षर दिसलं की त्याजागी हे घाल, अशी लांबलचक यादी, बस. यादी उघडी असते, कोणीही वाचावी. माझी बातमी त्यात टाकली. ऐंशी टक्के मराठी बाहेर पडलं. मी उठून घरात फेऱ्या मारल्या. पण सगळीकडे 'किना' आणि 'यावर' यांच्यामध्ये एक विचित्र खूण. पापणीचा र यादीत नव्हताच! बनवणारा हिंदीवाला असणार. एका मित्राच्या पोराच्या मदतीने यादीत ती एक ओळ घातली आणि ज्याने हे पान बनवलं होतं त्यालाही पाठवली. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं, धन्यवाद, घेतली. आता पुढच्या कोणाची ती अडचण सुटली.

मामांना बातमीची प्रिंट दिली आहे. दोन पानं. त्यात एक आडनाव चुकलंय, पण ते मुळातच चुकलं होतं, तो दोष फॉन्टचा नाही, माझा.

दिवाळे, शहाबाज, किल्ले गावठाण, करावे, सारसोळे, या भागातल्या कोणाकडे जुन्या साप्ताहिकांच्या, मंडळांच्या स्मरणिकांच्या, ग्रामसभांच्या टिपणांच्या सीडी किंवा फ्लॉपी पडून असतील तर टाकू नका. रविवारी सकाळी मी जेट्टीवर असतो. डोंगल नसलं तरी चालेल.